३,४१६ रुपयांत अमर्याद

कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी ४० फुटांच्या इशारा पातळीकडे सरकू लागलं की सांगलीत माणसांआधी गाड्या स्थलांतर करतात. गावभागातल्या, नदीकाठच्या गल्ल्यांतल्या मोटारी विश्रामबागसारख्या त्यातल्या त्यात उंच भागात येऊन थांबतात. धोक्याची पातळी ४५ फूट. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्याही वर गेलं आणि ज्या गाड्या हलवता आल्या नाहीत त्या बुडाल्या. पाणी ओसरल्यावर अनेकांनी आपली पॉलिसी पहिल्यांदा नीट वाचली असणार. आणि हा कागद खरोखर वाचण्यासारखा असतो.

एकाच गल्लीत, एकाच पाण्यात बुडालेल्या दोन सारख्या गाड्या घ्या. दोघांचाही ‘फुल इन्शुरन्स’ आहे. पाणी उतरल्यावर पहिल्या मालकानं ‘बघू तरी’ म्हणून चावी फिरवली. दुसऱ्यानं बॅटरीची वायर काढली, चावीला हात न लावता कंपनीला फोन केला आणि ती ओढून गॅरेजला नेली. आता पहिल्याच्या इंजिनात काय होतं ते पाहा. सिलिंडरमध्ये पिस्टन वर येतो तो हवा दाबण्यासाठी. सायकलच्या पंपाचं तोंड बोटानं बंद करून दांडा रेटला तर हवा दबते. पंपात पाणी असेल तर दांडा जागचा हलत नाही. इंजिनातही तेच. पाणी दबत नाही, पिस्टन अडतो आणि त्याला ढकलणारा पोलादी कनेक्टिंग रॉड वाकतो. चावी फिरवल्यापासून इंजिन निकामी व्हायला सेकंदही पुरतो.

विम्याच्या दृष्टीनं या क्षणी दोन गाड्यांच्या वाटा वेगळ्या झाल्या. भिजलेल्या सीट, वायरिंग, ब्रेक हे पुराचं नुकसान, ते पॉलिसीत बसतं. वाकलेला रॉड मात्र पुरानं वाकवला नाही, चावीनं वाकवला. साध्या पॉलिसीत असं ‘परिणामी नुकसान’ वगळलेलं असतं. त्यासाठी ‘इंजिन प्रोटेक्शन’ हे जादा कव्हर वेगळे पैसे भरून घ्यावं लागतं, आणि त्याच्याही अटी आधी वाचाव्या लागतात. पुराच्या गावात हे कव्हर चैनीचं नाही.

आता कागद उलगडू. एका पॉलिसीत खरं तर दोन स्वतंत्र वचनं असतात. पहिलं तुमच्या गाडीबद्दल, म्हणजे ‘ओन डॅमेज’. त्याचा पाया म्हणजे आयडीव्ही, गाडीची कंपनीनं धरलेली किंमत. गाडी सहा महिन्यांची होईपर्यंत मूळ किमतीतून ५ टक्के वजा, वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, मग ३०, ४० आणि पाचव्या वर्षाअखेरपर्यंत ५०. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांवर गेला की गाडी ‘टोटल लॉस’, आणि मग भरपाई ठरते ती आयडीव्हीवरूनच. म्हणून हप्ता कमी दिसावा यासाठी आयडीव्ही खाली आणणारा एजंट तुमचा फायदा करत नसतो.

गंमत पुढे आहे. गाडीचे सगळे भाग एकाच वेगानं म्हातारे होत नाहीत. विम्याच्या हिशेबात प्लास्टिक, रबर, टायर, बॅटरी यांची किंमत पहिल्या दिवसापासून निम्मी. फायबरला ३० टक्के घट. पत्र्याचे भाग पहिले सहा महिने पूर्ण किमतीचे, मग दरवर्षी थोडे थोडे उतरतात. आणि काच? काचेला शून्य घट. दहा वर्षांच्या गाडीची पुढची काचही नव्यासारखी धरतात. म्हणजे ८,००० रुपयांचा बंपर फुटला तर त्यातले ४,००० तुमचे, आणि वर ठरलेले हजार रुपये (१५०० सीसीवरच्या गाडीला दोन हजार) तुम्हीच भरायचे. ‘झिरो डेप’ घेतलं की ही घट कंपनी सोसते. पहिल्या काही वर्षांत, प्लास्टिकनं मढलेल्या आजच्या गाड्यांना, ते घ्यावंच.

‘ओन डॅमेज’चा हप्ता गावावरही ठरे. जुन्या सरकारी दरपत्रकात पुणे-मुंबईसह आठ शहरं ‘अ’ विभागात, बाकी देश ‘ब’ मध्ये. ६ लाख आयडीव्हीच्या, पाच वर्षांच्या आतल्या १२०० सीसी गाडीला पुण्याच्या एमएच-१२ वर १९,६९८ रुपये आणि सांगलीच्या एमएच-१० वर १९,१४६. पुण्याच्या गर्दीची किंमत काय, तर ५५२ रुपये! २००७ पासून कंपन्यांना हे दर स्वतः ठरवायची मोकळीक मिळाली, म्हणून आता एकाच गाडीचे पाच ठिकाणी पाच आकडे येतात. त्यावर ‘एनसीबी’, म्हणजे ‘नो क्लेम बोनस’: क्लेम न केलेल्या पहिल्या वर्षानंतर २० टक्के सूट, मग २५, ३५, ४५ आणि शेवटी ५०. ही सूट गाडीला नसते, माणसाला असते. गाडी विकली तरी ती तुमच्याबरोबर नव्या गाडीवर येते. पॉलिसी संपून ९० दिवस उलटले तर मात्र ती गेली.

दुसरं वचन ‘थर्ड पार्टी’. कायद्यानं सक्तीचं तेवढं हेच, म्हणून पुष्कळांना तो नुसता पोलिसांना दाखवायचा कागद वाटतो. त्याचा दर कंपनी ठरवत नाही, सरकार ठरवतं. १ जून २०२२ पासून १००० सीसीपर्यंतच्या मोटारीला वर्षाला २,०९४ रुपये, १५०० सीसीपर्यंत ३,४१६, त्यावर ७,८९७, जीएसटी वेगळा. विश्रामबाग असो की वांद्रे, दर तोच.

या पैशांत काय मिळतं? तुमच्या गाडीनं कुणाच्या मालमत्तेचं नुकसान झालं तर साडेसात लाखांपर्यंत भरपाई. माणूस जखमी झाला किंवा दगावला तर मर्यादाच नाही. ही रक्कम मोटार अपघात दाव्यांचं न्यायाधिकरण कशी काढतं ते बघा. समजा, महिन्याला २०,००० कमावणारा, तिशीला टेकलेला, स्वतःचा धंदा असलेला माणूस दगावला. घरात चौघं त्याच्यावर अवलंबून. सर्वोच्च न्यायालयानं २००९ च्या सरला वर्मा आणि २०१७ च्या प्रणय सेठी निकालांत घालून दिलेल्या रीतीनं भविष्यातल्या वाढीचे ४० टक्के मिळवायचे : २८,०००. त्याचा स्वतःचा खर्च म्हणून एक चतुर्थांश वजा : २१,०००. वर्षाचे २,५२,०००. त्याला वय २६ ते ३० साठीचा गुणक १७. उत्तर ४२,८४,००० रुपये, आणि इतर बाबी वेगळ्या. ३,४१६ रुपये भरणाऱ्या एकाच्या वतीनं एवढी रक्कम देता येते, ती ज्यांच्या हातून वर्षभर काहीच घडलं नाही अशा असंख्य मालकांच्या हप्त्यांतून.

विमा नसेल तर पहिल्यांदा दंड २,००० रुपये किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. पण खरा धोका तो नाहीच. ते बेचाळीस लाख घर-जमिनीतून उभे करावे लागतील, हा आहे.

म्हणून रिन्यू करताना सगळी घासाघीस पहिल्या वचनावर करावी, कारण तिथलं मोठ्यात मोठं नुकसान आधीच माहीत असतं : गाडीची किंमत. गाडी बारा-तेरा वर्षांची झाली, आयडीव्ही लाखाच्या आत आली, तर तो भाग सोडून देण्याचा विचार करायलाही हरकत नाही. दुसऱ्या वचनाला एक दिवसाचाही खंड नको. जे नुकसान किती होईल हे आधी सांगताच येत नाही, त्याच्यासाठीच तर विमा.