कालपर्यंत नीट होते, आज ओळखत नाहीत

बुलडाणा जिल्ह्यातल्या धाड गावात आणि आसपासच्या खेड्यांत सत्तरी ओलांडलेला माणूस एका रात्रीत बडबडू लागला की कुणी म्हणतं ‘बाहेरचं आहे’, कुणी म्हणतं ‘वय झालं’. दोन्हींत मोलाचा वेळ जातो.

डिमेन्शिया म्हणजे स्मृतिभ्रंश, तो महिन्या-वर्षांनी हळूहळू वाढतो. काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत आलेला गोंधळ म्हणजे डिलिरियम. त्याचं मूळ पुष्कळदा मेंदूबाहेर सापडतं: लघवीतला जंतुसंसर्ग, तुंबलेली लघवी, न्यूमोनिया, उन्हाळ्यात शरीरातलं पाणी किंवा सोडियम कमी होणं, मलावरोध, सर्दीची किंवा झोपेची नवी गोळी. म्हातारपणी संसर्गात ताप येईलच असं नाही. कधी गोंधळ हीच पहिली खूण असते. आधीच डिमेन्शिया असलेल्यांना हा त्रास जास्त होतो, आणि ‘विसरतातच ते’ म्हणून तो नजरेतून सुटतो.

ओळखायचं कसं? “आजी, शनिवारपासून उलटे वार सांगा बरं.” शाळेत न गेलेल्या आजीही एरवी थोडं अडखळत सांगतात. डिलिरियममध्ये दोन वारांनंतर धागा तुटतो, नजर भिरभिरते. सकाळी बरं, दिवेलागणीला पुन्हा भरकटलेलं, असा चढउतार असतो. काही जण मात्र गुपचूप पडून राहतात. हाक मारली की डोळे उघडतात, पुन्हा मिटतात. त्यांचा कुणाला त्रास नसतो, म्हणून मला त्यांचीच काळजी जास्त वाटते.

मधुमेह असेल तर आधी साखर तपासा. जेवण सुटलं पण गोळी चालू राहिली, की साखर उतरते. साखर कमी असेल, माणूस शुद्धीत असेल आणि गिळता येत असेल तर साखरपाणी द्या. मग रुग्णवाहिकेसाठी 108 ला फोन करा. सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्या आणि डॉक्टरांना नेमकं सांगा: परवापर्यंत स्वतः अंघोळ करायचे, कालपासून लेकीला ओळखत नाहीत. तपासणीतून जे दिसत नाही ते या एका वाक्यातून कळतं.

बुलडाण्याला भरती केलं तर चष्मा, कानाचं यंत्र, कवळी सोबत हवी. दिसलं-ऐकू आलं नाही की भीती वाढते. खाटेभोवती गर्दी नको, ओळखीचं एकच माणूस बसावं. “भिंतीवर साप आहे” म्हणाले तर वाद घालू नका, होकारही देऊ नका: “बाबा, मला दिसत नाही, पण तुम्ही घाबरलात. मी इथंच आहे.” हात बांधू नयेत, सुटायच्या धडपडीत माणूस पडतो. लघवीची नळी अजून लागते का, हे सिस्टरना रोज विचारा. दिवसा उजेडात बसवा, उठवून बसवूनच घोट-घोट पाणी पाजा, रात्री दिवा मंद ठेवा. झोपेची गोळी मनाने देऊ नका.

मूळ कारण सापडून उपचार झाले तरी डोकं ताळ्यावर यायला दिवस, कधी आठवडेही लागतात. तोवर डिमेन्शियाचा शिक्का मारू नये. काही महिन्यांनीही विसरणं तसंच राहिलं, तर स्मरणशक्तीची तपासणी तेव्हा करून घ्यावी.