आधी नक्कल, मग दुरुस्ती

पेढीच्या कीर्द-खतावण्या कपाटात असत, तेव्हा वाळवी लागली तर ती डोळ्यांना दिसत असे. आता कित्येक वर्षांचा जमाखर्च, ग्राहकांची येणी-देणी आणि घरच्या लग्नकार्याची छायाचित्रे तळहाताएवढ्या एक्स्टर्नल हार्ड डिस्कमध्ये असतात. तिचा ऱ्हास दिसत नाही. तो बहुधा ऐकू येतो. ठरावीक अंतराने होणारा टक् टक् आवाज, फोल्डर उघडण्यास लागणारी मिनिटे, अर्ध्यावर अडणारी फाइल ही त्याची लक्षणे. पुढे पडद्यावर डिस्क फॉरमॅट करण्याविषयी विचारणा होते. तिला कदापि होकार देऊ नये.

या पेटीत चकचकीत तबकड्या मिनिटाला सामान्यतः ५,४०० फेऱ्या घेत असतात आणि वाचन करणारे हेड त्यांच्यापासून अवघ्या काही नॅनोमीटर अंतरावर, स्पर्श न करता तरंगत असते. धक्क्याने किंवा झिजेने ते टेकले, की ज्या थरावर हिशेब नोंदलेला आहे तोच थर खरवडला जातो. म्हणून असा आवाज आल्यावर ‘पुन्हा एकदा लावून पाहू’ हा मोह फार महाग पडतो. वीज तोडावी आणि डिस्क बाजूला ठेवावी. ती फ्रीजरमध्ये ठेवण्याचा तोडगा अजूनही सांगितला जातो. त्याने आत दव धरण्याचा धोका मात्र वाढतो.

आवाज नसेल, तर केबल आणि यूएसबीची जागा बदलून एकदा पाहावे. पुष्कळदा दोष तेवढाच असतो. आतील डिस्क काढून थेट संगणकाला जोडण्याचा उपाय सरसकट चालत नाही. काही पेट्यांतील सर्किट मालकाने पासवर्ड ठेवला नसला तरी माहिती सांकेतिक करूनच लिहिते, आणि त्या सर्किटावाचून ती उलगडत नाही.

डिस्क दिसते पण अडखळते, अशा वेळी अनेकांचा हात विंडोजच्या चेक-डिस्ककडे जातो. दुरुस्तीची आज्ञा दिली, की ती मूळ डिस्कवरच लिहू लागते. फाटत आलेल्या वहीवर खाडाखोड करण्यासारखाच हा प्रकार. आधी संपूर्ण डिस्कची नक्कल करावी आणि जे प्रयोग करायचे ते नकलेवर करावेत. डीडीरेस्क्यू हा विनामूल्य प्रोग्रॅम याच कामाचा आहे. तो प्रथम सहज वाचता येणारा भाग उचलतो, बिघडलेल्या जागा वगळून पुढे जातो आणि शेवटी त्यांच्याकडे परततो. कोठवर काम झाले याची नोंद ठेवीत असल्याने मध्येच थांबून पुन्हा सुरू करता येते. नकलेसाठीची डिस्क निदान मूळ डिस्कएवढी मोठी हवी. आज्ञा देताना मूळ कोणती आणि नक्कल कोणती, याची उलटापालट झाली तर कोऱ्या डिस्कची प्रत हिशेबावर उमटते. तेथे दोनदा तपासणेच इष्ट.

नकलेतून फाइली काढण्यास टेस्टडिस्क आणि फोटोरेक आहेत. फोटोरेक फाइलच्या अंतरंगातील खुणेवरून ती ओळखतो, नावे व फोल्डर मात्र हरवतात. छायाचित्रांना ते चालते. टॅलीच्या हिशेबाला चालत नाही, कारण तेथे एका फोल्डरातील अनेक फाइली मिळून एक कंपनी होते.

प्रयोगशाळेकडे जायचे असल्यास घरगुती प्रयोगांपूर्वी जावे. खर्चाचा अंदाज आणि गोपनीयतेची हमी लेखी घ्यावी, कारण त्या डिस्कमध्ये ग्राहकांचेही व्यवहार असतात. त्याआधी एक साधी चौकशी अवश्य करावी: हाच मजकूर अन्यत्र आहे काय? भरलेली विवरणपत्रे जीएसटीच्या पोर्टलवर, खातेउतारे बँकेत आणि मागील वर्षाचा हिशेब सनदी लेखापालांच्या संगणकावर बहुधा सापडतो. जीएसटी कायद्यानुसार हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून ७२ महिने जपावा लागतो, तेव्हा ही शोधाशोध टाळता येण्यासारखी नाही. बँकेच्या तिजोरीच्या किल्ल्यांचा दुसरा जोड त्याच शाखेत ठेवीत नाहीत. बॅकअपची डिस्क मात्र दुकानातल्या संगणकाशेजारच्या खणातच असते.

निकामी ठरलेली डिस्क भंगारात देण्याची घाई करू नये. मोटर बंद पडली तरी तबकड्यांवरील मजकूर शाबूत असू शकतो. त्या फोडून वा भोके पाडूनच द्याव्यात.