दोष डिस्कचा की केबलचा?

संगणकाच्या पोटात : भाग ९

दिवाळी अंकांच्या कामाचे दिवस होते. पुण्यात नारायण पेठेत डीटीपी करणाऱ्या एका ताईंचा फोन आला. आठच दिवसांपूर्वी मी त्यांच्या जुन्या डेस्कटॉपमधली हार्डडिस्क काढून एसएसडी बसवून दिली होती. संगणक झटक्यात सुरू व्हायला लागला म्हणून त्या खूश होत्या. आता मात्र पान सेव्ह करायला गेलं की तो अर्धा मिनिट गोठायचा आणि मग काही झालंच नाही असा पुढे चालू लागायचा. ‘‘डिस्क खराब निघाली का हो? दीडशे पानं आहेत तिच्यात,’’ त्यांचा आवाज कापत होता.

डिस्क ठणठणीत होती. खराब होती ती तिला बोर्डाशी जोडणारी लाल केबल. जुन्या हार्डडिस्कबरोबर दहा वर्षं काढलेली ती केबल मी तशीच राहू दिली होती, कॅबिनेटचं झाकण लागावं म्हणून काटकोनात दुमडलीही होती. गेल्या आठवड्यात आपण हार्डडिस्कच्या फिरत्या तबकड्या पाहिल्या. आज एसएसडीबद्दल, म्हणजे तबकड्यांऐवजी चिपवर माहिती ठेवणाऱ्या डिस्कबद्दल, लिहिताना सुरुवात केबलपासून करतो, कारण विकत घेताना सगळा विचार डिस्कचा होतो आणि केबल घरात पडलेली चालवली जाते.

या केबलला साटा केबल म्हणतात. तिच्यात सात तारा असतात. त्यातल्या तीन अर्थिंगच्या, उरलेल्या चारांच्या दोन जोड्या; एक जोडी माहिती पाठवायला, दुसरी घ्यायला. जोडीतल्या दोन्ही तारांवरून एकच निरोप जातो, एकीवर सुलट आणि दुसरीवर उलट, म्हणजे वाटेत मिसळलेला गोंगाट पलीकडे वजा करता येतो. यासाठी दोन तारांमधलं अंतर शेवटपर्यंत सारखं राहावं लागतं. केबल करकचून दुमडली की नेमकं तेच बिघडतं. ताईंची जुनी हार्डडिस्क सेकंदाला ३ गिगाबिटच्या वेगाने बोलत होती, तेवढं त्या केबलने निभावलं. नवी एसएसडी ६ गिगाबिटने बोलू लागली आणि केबल उघडी पडली.

तरीही पानांतलं एक अक्षरसुद्धा बिघडलं नाही. माहितीच्या प्रत्येक गठ्ठ्याबरोबर पडताळणीची एक संख्या जाते, तिला सीआरसी म्हणतात. ती जुळली नाही तर गठ्ठा परत मागवला जातो. ताईंचा अर्धा मिनिट या परत मागवण्यातच जात होता. अशा चुकांची मोजदाद डिस्क स्वतः ठेवते. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाच्या मोफत प्रोग्रॅममध्ये ‘सी७’ ही ओळ पाहा. हाच गुणधर्म क्रमांक १९९. तो आकडा रोज वाढत असेल, तर डिस्क बदलायच्या आधी केबल बदला.

केबल घेताना ‘साटा ३’ या छापील अक्षरांना फार किंमत देऊ नका. २००९मध्ये ६ गिगाबिटचं मानक आलं तेव्हा केबलची रचना बदललीच नव्हती. फरक असतो तो बनावटीच्या दर्जात. टोकाला धातूची क्लिप असलेली, हाताला भरीव लागणारी आणि गरजेपुरत्या लांबीची घ्या. मानकात कमाल लांबी १ मीटर आहे. कॅबिनेटमध्ये अर्धा मीटर पुष्कळ होतो. शिवाय आतल्या साटा केबलचं टोक जेमतेम ५० वेळा काढण्या-घालण्यासाठी बनवलेलं असतं. दुरुस्तीच्या टेबलावर वर्षानुवर्षं फिरलेली केबल कोणी फुकट देत असेल, तरी नको म्हणा.

पॉवरच्या केबलमध्ये धोका याहून मोठा आहे. संगणकाला वीज पुरवणारे एसएमपीएस आता केबल सुट्या होणारे, म्हणजे मॉड्युलर, सर्रास मिळतात. एका कंपनीच्या एसएमपीएसची केबल दुसऱ्या कंपनीच्या एसएमपीएसमध्ये कधीही घालू नका. डिस्ककडचं टोक मानकानुसार असतं. एसएमपीएसकडच्या टोकाला कसलंच मानक नाही. प्लग बरोबर बसतो, पण ५ व्होल्टच्या जागी १२ व्होल्ट येऊ शकतात आणि बटण दाबताक्षणी डिस्क जळते. अशी मेलेली डिस्क घेऊन आलेल्या माणसाचा चेहरा मी पाहिला आहे. एसएमपीएस बदलला तर त्याच्या खोक्यातल्याच केबली वापरा. जुन्या चार पिनांच्या प्लगवरून साटा करणारे कन्व्हर्टरही जपून घ्या. ज्यांच्या टोकाचं प्लॅस्टिक तारांभोवती एकसंध ओतलेलं असतं, त्यांच्यात आत तारा सरकून शॉर्ट होतो आणि काही वेळा आगही लागते.

आता डिस्क. दुकानात प्रश्न एकच विचारला जातो: स्पीड किती? साटाच्या डिस्कला सेकंदाला साधारण ५५० मेगाबाइटची मर्यादा साटाच्या ६ गिगाबिटनेच घातलेली आहे. सगळ्या चांगल्या डिस्क तिथे पोचतात. विचारायला हवं ते आतल्या चिपबद्दल. ही चिप म्हणजे नँड फ्लॅश. तोशिबातल्या फुजिओ मासुओका यांची ती १९८७मध्ये जगापुढे आली, तेव्हा एका कप्प्यात एक बिट मावत होता. टीएलसी प्रकारच्या चिपमध्ये तीन मावतात, क्यूएलसीत चार. चार बिट ओळखायचे तर त्याच कप्प्यात विजेच्या १६ पातळ्या वेगळ्या ओळखाव्या लागतात, म्हणून क्यूएलसी लवकर झिजते आणि मोठी फाइल लिहिताना दमते. सॅमसंगच्या १ टेराबाइटच्या दोन साटा डिस्क घ्या. टीएलसीच्या ८७० इव्होवर ६०० टेराबाइट लिहिण्यापर्यंत हमी आहे, क्यूएलसीच्या ८७० क्यूव्होवर ३६०.

पण या आकड्याने घाबरून जाऊ नका. रोज ३० गिगाबाइट लिहिलेत तरी वर्षाला ११ टेराबाइट होतात. ३६० संपायला तीस वर्षं लागतील. माझ्या मते घरच्या वापरात झीज हा डिस्क मरण्याचा खरा रस्ता नाही. ती मरते कारभार पाहणाऱ्या कंट्रोलर चिपमुळे किंवा आत बसवलेल्या प्रोग्रॅममुळे, म्हणजे फर्मवेअरमुळे. नोव्हेंबर २०१९मध्ये हेवलेट पॅकार्ड एंटरप्राइजने आपल्या ग्राहकांना कळवलं, की त्यांच्या सर्व्हरमधल्या काही एसएसडी ३२,७६८ तास चालल्या की बंद पडतील आणि त्यांतली माहिती परत मिळणार नाही. म्हणजे ३ वर्षं, २७० दिवस, ८ तास. ३२,७६८ हा दोनाचा पंधरावा घात. १६ बिटांच्या चिन्हांकित मोजणीत ३२,७६७च्या पुढे जागाच नसते. एकाच दिवशी चालू केलेल्या अशा चार डिस्क एकाच दिवशी गेल्या असत्या. म्हणून दोन गोष्टी सांगतो: फर्मवेअरचे अपडेट टाळू नका, आणि मूळ माहिती व तिची प्रत एकाच मॉडेलच्या दोन डिस्कवर ठेवू नका.

मॉडेलचं नाव तेच ठेवून आतला माल बदलण्याचे प्रकारही झाले आहेत. २०२१मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या ब्लू एसएन५५० या डिस्कची फ्लॅश बदलली गेली आणि कॅशे, म्हणजे तात्पुरती वेगवान जागा, भरल्यानंतरचा लिहिण्याचा वेग सेकंदाला ६१० मेगाबाइटवरून ३९०वर आला. बोभाटा झाल्यावर कंपनीने, यापुढे असा बदल केला तर मॉडेल क्रमांकही बदलू, असं जाहीर केलं. त्याच वर्षी क्रुशियल कंपनीची पी२ ही डिस्क टीएलसीवरून क्यूएलसीवर गेल्याचं उघड झालं. म्हणून जुन्या परीक्षणांवर विसंबून राहू नका. आज विकल्या जाणाऱ्या मालाबद्दल वाचा. पाच वर्षांची वॉरंटी असलेलं मॉडेल घ्या आणि सीरियल नंबर लिहिलेलं पक्कं बिल मागा, मग खरेदी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर असो की गल्लीतल्या दुकानात. टपरीवर दोन-तीन हजारांत मिळणारी ‘१६ टेराबाइट’ची डिस्क सरळ बनावट असते. आत लहानशी चिप असते आणि फर्मवेअर क्षमता खोटी सांगतं. नव्या फाइल जुन्यांवर लिहिल्या जातात.

आपल्याकडे वीज जाते, हेही लक्षात ठेवायला हवं. अचानक वीज गेली तर लिहिणं पूर्ण करण्यापुरती ऊर्जा साठवणारे कपॅसिटर सर्व्हरच्या डिस्कमध्ये असतात, घरगुती डिस्कमध्ये बहुधा नसतात. महागडी डिस्क घेण्याऐवजी तेच पैसे यूपीएसवर घाला. आणि लग्नाचे, बारशाचे फोटो एसएसडीत भरून ती कपाटात ठेवून देऊ नका. चिपची मानकं ठरवणाऱ्या जेडेक या संस्थेच्या मानकानुसार हमीइतकी वापरून झालेल्या घरगुती डिस्कने विजेविना, ३० अंश तापमानात, माहिती एक वर्ष टिकवली की ती पास होते. नवी डिस्क याहून पुष्कळ जास्त टिकवते, पण विदर्भातल्या उन्हाळ्यातलं कपाट ३० अंशांवर थांबत नाही. कपाटासाठी हार्डडिस्कच बरी.

लॅपटॉपवाल्यांसाठी थोडक्यात. एम.२ची पट्टी २२ मिलिमीटर रुंद आणि बहुतेकदा ८० लांब असते, पण त्याच आकारात साटाही येते आणि तिच्याहून वेगवान एनव्हीएमईही. आपल्या बोर्डाला कोणती चालते ते मॅन्युअलमध्ये पाहून मगच दुकानात जा.

बाहेरून जोडायच्या एसएसडीत पुन्हा केबलचाच घोटाळा. मोबाइलच्या चार्जरबरोबरची टाइप-सी केबल दिसायला हुबेहूब तशीच, पण तिच्यात बहुतेक वेळा यूएसबी २च्याच तारा असतात, ४८० मेगाबिटच्या. सेकंदाला हजार मेगाबाइटची डिस्क तिच्यावर चाळिसाच्या आसपास रांगते. १०० गिगाबाइट उतरवायला दोन मिनिटांच्या जागी चाळीस लागतात आणि शिव्या डिस्कला बसतात. खोक्यातली आखूड केबल आखूड असते त्याला कारण आहे: १० गिगाबिटला साध्या केबलची लांबी १ मीटरच्या आतच ठेवावी लागते. ती डिस्कलाच रबर लावून बांधून ठेवा.

ताईंच्या संगणकात नवी केबल लावली तेव्हा सी७चा आकडा २१४ होता. केबल बदलली तरी तो शून्यावर येत नाही, आयुष्यभर तसाच राहतो. पाहायचं ते एवढंच, की वाढतोय का. तारीख आणि २१४ असं कागदाच्या चिठ्ठीवर लिहून कॅबिनेटच्या झाकणाला आतून चिकटवलं. दिवाळीनंतर फराळाला गेलो तेव्हा आधी झाकण उघडलं. स्क्रीनवर २१४ आणि चिठ्ठीवरही २१४.