अ‍ॅम्प्लिफायरच्या प्लगची जाड पिन कापू नका

मागच्या ईदला पिंपळीत मामूंच्या घरी गेलो तेव्हा हॉलमध्ये नवी साउंड सिस्टीम दिसली. मुलाने सौदीहून आणलेला अ‍ॅम्प्लिफायर आणि दोन उंच स्पीकर. कव्वाली लावली होती, आवाज खरंच सुरेख. तेवढ्यात नातीने अ‍ॅम्प्लिफायरच्या पत्र्याला हात लावला आणि झटकन मागे घेतला. "दादा, मुंग्या येतात!" मामू हसून म्हणाले, "थोडा करंट आहे त्याला. स्पीकर घूंऽऽ करत होता, म्हणून वायरमनने प्लगची जाड पिन कापून टाकली. आवाज लगेच बंद झाला."

मला मात्र हसू आलं नाही. ती जाड पिन म्हणजे अर्थिंग. आपल्या तीन पिनांच्या प्लगमध्ये ती मुद्दाम जाड आणि लांब असते. जाड, म्हणजे चुकून फेजच्या भोकात जाणार नाही. लांब, म्हणजे प्लग लावताना सर्वांत आधी जोडली जाईल आणि काढताना सर्वांत शेवटी सुटेल. लोखंडी पत्र्याच्या बॉडीला आतून कधी फेजची वायर टेकली, तर करंट या पिनेतून जमिनीत जातो आणि एमसीबी पडतो. पिन कापली असेल तर तो करंट पत्र्यावर थांबतो, हात लावणाऱ्याची वाट बघत. मुंग्या येतात ते बहुतेक वेळा आतल्या फिल्टरच्या बारीक गळतीमुळे. तेवढ्याने जीव जात नाही, पण अर्थिंग तुटल्याची ती खूण असते.

काही उपकरणांना मुळातच दोन पिना असतात आणि पाठीमागे चौकोनात चौकोन अशी खूण असते. त्यांना दुहेरी इन्सुलेशन असतं, अर्थिंग लागत नाही. तिथे काळजी नको.

आता केबल. आखाती देशांतून आलेल्या वस्तूंना बऱ्याचदा तीन चपट्या पिनांचा प्लग असतो. तो आपल्या सॉकेटमध्ये बसत नाही, म्हणून बाजारातून स्वस्त कन्व्हर्टर आणतात. अशा कित्येक कन्व्हर्टरमध्ये अर्थिंगचा संपर्कच नसतो. त्यापेक्षा अ‍ॅम्प्लिफायरच्या मागची वायर निघते का ते बघा. निघत असेल तर पुष्कळदा तिथे कॉम्प्युटरची पॉवर कॉर्ड चालते. आयएसआय खुणेची, तीन कोअरची, आपल्या प्लगची घ्या. आणि त्याही आधी पाठीमागचा व्होल्टेज वाचा. सौदीत पूर्वी अनेक घरांत १२७ व्होल्ट असायचे. फक्त ११० किंवा १२० लिहिलेली वस्तू आपल्या २३० व्होल्टवर थेट लावली की धूर निघालाच म्हणून समजा.

हजारो रुपयांची जाड, जाळीदार पॉवर केबल लावली की आवाज खुलतो, असं सांगणारे भेटतात. दहावीच्या मुलांना शिकवतो तोच हिशेब करू. अ‍ॅम्प्लिफायर ४६० वॅट घेतो असं धरा. भागिले २३०, म्हणजे २ अ‍ॅम्पिअर. १ चौरस मिलिमीटर तांब्याच्या वायरीचा रोध मीटरला साधारण ०.०२ ओहम. दीड मीटरची कॉर्ड, जाऊन-येऊन ३ मीटर, म्हणजे ०.०६ ओहम. त्यात व्होल्टेज पडतो ०.१२. दोनशे तीसमधून! डीपीपासून घरापर्यंत वीज लांबलचक अ‍ॅल्युमिनियमच्या तारेतून येते. शेवटचा दीड मीटर कितीही भारी केला तरी मागचं काय बदलणार? शिवाय अ‍ॅम्प्लिफायर आत आल्यावर या विजेचा डीसी करून घेतो. मोटारी सुरू झाल्या की आपल्याकडे व्होल्टेज खाली येतो, त्यालाही केबल हा इलाज नाही. तिथे स्टॅबिलायझर लागतो. (बॉक्सवर '५००० वॅट पीएमपीओ' लिहिलेलं असतं ते सोडून द्या. मागच्या पट्टीवर किती वॅट खातो ते वाचा.)

साध्या घरगुती सिस्टीमला ६ अ‍ॅम्पिअरचा प्लग पुरतो. प्लग सॉकेटमध्ये घट्ट बसला पाहिजे. सैल प्लग तापतो, चटचट आवाज करतो, काळा पडतो. त्याच एक्स्टेन्शनवर इस्त्री किंवा गीझर लावू नका.

पैसे घालायचेच असतील तर भिंतीमागे घाला. जुन्या घरांत तिसऱ्या भोकामागे कधी वायरच नसते. कधी वायरमन न्यूट्रलमधूनच तुकडा टाकून अर्थिंग 'देतो'. हे तर जास्तच वाईट, कारण न्यूट्रल तुटला की अख्खा पत्रा जिवंत होतो. परवानाधारक वायरमनकडून अर्थिंग मोजून घ्या, ३० मिलिअ‍ॅम्पिअरचा आरसीसीबी बसवा, आणि उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालत चला.

राहिला घूंऽऽ आवाज. मामूंचा टीव्ही एका भिंतीला, अ‍ॅम्प्लिफायर दुसऱ्या, मध्ये ऑडिओची वायर, आणि टीव्हीला छतावरून आलेली केबल. अर्थिंगचे दोन रस्ते झाले, त्यांचं मिळून वेटोळं झालं आणि त्यात ५० हर्ट्झची गुणगुण शिरली. आम्ही नवी कॉर्ड आणली, टीव्ही आणि अ‍ॅम्प्लिफायर एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर घेतले. गुणगुण निम्मी झाली. मग टीव्हीपासून ऑप्टिकल वायर टाकली. तिच्यातून वीज नाही, प्रकाश जातो, त्यामुळे वेटोळंच तुटलं. आवाज बंद, पिन शाबूत. नातीने दोनदा हात लावून बघितला.