धुराड्याभोवतीची मोकळी जागा

उत्तर अमेरिकेच्या शीत प्रदेशांतील बहुसंख्य घरे लाकडी सांगाड्यावर उभी असतात. आणि अशा घरात लाकडाची शेगडी पेटवून तिच्या धुरासाठी तक्तपोशी, माळा आणि छप्पर भेदीत थेट आकाशापर्यंत मार्ग काढणे, म्हणजे अग्नी ज्याला सहज ग्रासतो त्याच पदार्थाच्या मधोमध अग्नीला वाट करून देणे होय. हा धोका तेथील वसाहतकारांना फार लवकर उमगला होता, आणि १६३१ साली बॉस्टनमध्ये लाकडी धुराडी व गवती छपरे यांना मनाई करणारा हुकूम निघाला. पुढे विटांची धुराडी आली. आता बहुतेक नव्या घरांत त्यांची जागा पोलादी नळीने घेतली आहे.

ही नळी साध्या पत्र्याची नसते. शेगडीपासून तक्तपोशीपर्यंतचा एकेरी पत्र्याचा नळ निराळा. तो लाकडापासून दीड फूट दूर ठेवावा लागतो आणि छतातून तर तो कदापि नेता येत नाही. छतापासून वरचे धुराडे म्हणजे एकात एक बसविलेल्या दोन गंजरोधक पोलादी नळ्या व त्यांच्या दरम्यान ठासलेला उष्णतारोधक पदार्थ. आणि शेगडीसाठीच्या अशा धुराड्याची परीक्षा घेताना त्यातून सुमारे ५४० अंश सेल्सिअसचे वायू दीर्घकाळ, व सुमारे ११५० अंशांचे वायू दहा दहा मिनिटे तीनदा सोडून पाहतात. ही दुसरी, अघोरी वाटणारी कसोटी अनाठायी नाही. धूर सुमारे १२० अंशांखाली निवला की त्यातील डांबरी द्रव्ये नळीच्या आतील अंगावर साचू लागतात, आणि तो थर एखाद्या दिवशी पेटला म्हणजे धुराड्यातील तापमान हजार अंशांच्याही पुढे जाते. म्हणूनच नळी शक्य तितकी सरळ आणि घराच्या उबदार अंतर्भागातूनच न्यावी, बाहेरच्या गार भिंतीवरून नेऊ नये, हा जाणत्या कारागिरांचा आग्रह असतो.

परंतु इतकी कसाला उतरलेली नळीदेखील घराला वाचवील की नाही, हे अखेर तिच्या सभोवतालच्या मोकळ्या जागेवर ठरते. तुळया, वासे, फळ्या यांपासून बहुधा दोन इंच अंतर राखावे, असे निर्मात्याच्या सूचनापत्रात लिहिलेले असते. आणि हे अंतर काही केवळ कागदोपत्री नव्हे. ताजे लाकूड पेटण्यास सामान्यतः अडीचशे ते तीनशे अंश उष्णता लागते हे खरे. तथापि त्याहून पुष्कळ सौम्य उष्णतेत वर्षानुवर्षे राहिलेल्या लाकडाचे हळूहळू विघटन होते, ते काळवंडते, कोळशाच्या जातीचे बनते आणि मूळ लाकडापेक्षा कमी तापमानास पेट घेऊ शकते. पंधरा हिवाळे निर्धोक गेले हा दाखला त्यामुळे सुरक्षिततेचा पुरावा ठरत नाही. उलट त्याच हिवाळ्यांत लाकडाची ही अवनती चाललेली असू शकते.

येथेच घरमालकाची काटकसर आडवी येते. मोकळ्या फटीतून ऊब निसटते, तेव्हा तीत काचलोकर कोंबावी असे त्याला वाटते, आणि काचलोकर जळत नाही हा त्याचा युक्तिवादही खोटा नसतो. पण प्रश्न लोकरीच्या जळण्याचा नाही. नळीच्या बाह्यांगावरील उष्णता हालत्या हवेबरोबर निघून जावी ही त्या फटीची योजना. ती वाट बुजवली की उष्णता तेथेच तुंबते, बाह्यांगाचे तापमान चढत जाते आणि अखेर लगतची तुळई तापू लागते. यास्तव माळ्यावर नळीभोवती पत्र्याचे कवच उभारून ते पसरलेल्या लोकरीच्या वर काढतात; मजल्यामजल्यांच्या दरम्यान अग्निरोधक पत्रा बसवितात, जेणेकरून अंतरही कायम राहते आणि खालची आग त्या भोकातून वर चढत नाही; आणि राहत्या खोलीतून जाणारा भाग पेटीबंद करतात, तोही फट राखूनच.

पोलाद तापले की वाढते, हेही विसरता कामा नये: पाच मीटर लांबीची गंजरोधक पोलादाची नळी पाचशे अंशांनी तापली, तर सुमारे चार सेंटिमीटर लांबते. आतल्या नळीला ही मुभा मिळावी म्हणून तिच्यात स्क्रू घुसवून ती जखडणे निषिद्ध मानतात. छपरावर मात्र हिशेब सोपा आहे: नळी छपरातून निघते तेथून तिने किमान तीन फूट, आणि दहा फुटांच्या परिघातील छपराच्या कोणत्याही भागाहून दोन फूट उंच असावे.

अमेरिकेत वा कॅनडात जुने घर घेणाऱ्या मराठी कुटुंबांना म्हणूनच आग्रहाची विनंती आहे. नवे धुराडे बसवायचे असल्यास स्थानिक इमारत खात्याचा परवाना घ्यावा आणि तक्तपोशी बंद होण्यापूर्वीच तपासणी करवून घ्यावी. जुने असल्यास पहिल्या थंडीआधी जाणकाराला माळ्यावर नेऊन नळीभोवतालची जागा डोळ्यांनी पाहावी, आणि ती भरलेली आढळली तर मोकळी होईपर्यंत शेगडी पेटवू नये.