आधी मोजा, मग सेन्सर बदला

सकाळी दोन-तीनदा सेल्फ मारल्याशिवाय गाडी सुरू होत नाही, ॲव्हरेज घसरलंय, इंजिन थंड असतानाही रेडिएटरचा पंखा फिरतोय. ही लक्षणं एकत्र दिसली की कूलंटचा तापमान सेन्सर तपासावा. वस्तू अंगठ्याएवढी, पण थंड इंजिनाला किती जास्त पेट्रोल द्यायचं, हे तिच्यावरूनच ठरतं.

सेन्सरच्या आत थर्मिस्टर असतो. तो गार असताना विजेला जास्त अडवतो, तापला की कमी. अनेक गाड्यांत २० अंश सेल्सिअसला त्याचा रोध सुमारे २,५०० ओहम असतो, ८० अंशांना ३०० च्या आसपास. इंजिनाचा संगणक, म्हणजे ईसीयू, ५ व्होल्टचा पुरवठा करतो आणि सेन्सरपाशी किती व्होल्ट आहेत त्यावरून तापमान ओळखतो. तार तुटली तर त्याला इंजिन बर्फासारखं गार वाटतं. हा बिघाड लक्षात आला की तो पी०११८ हा कोड नोंदवतो, आणि बऱ्याच गाड्यांत इंजिन तापू नये म्हणून पंखाही चालू ठेवतो.

पण कोड आला म्हणजे सेन्सरच गेला असं नाही. इग्निशन बंद करून प्लग काढा आणि पिना नीट पाहा. हिरवट थर चढला असेल तर दोष तिथेच असू शकतो. पिना स्वच्छ असतील तर मल्टिमीटरने सेन्सरचा रोध मोजा आणि मॅन्युअलमधल्या तक्त्याशी ताडून पाहा. आकडा जुळला नाही, तरच नवा आणा.

काम इंजिन पूर्ण गार झाल्यावरच करा. तापलेलं कूलंट दाबाखाली असतं. झाकण उघडताच उसळून अंग भाजतं. गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी झाकण उघडा आणि बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवा. सेन्सर बहुधा थर्मोस्टॅटजवळ असतो. प्लग काढताना तार ओढू नका, खटका दाबा. उष्णतेने प्लास्टिक ठिसूळ झालेलं असतं. नवा सेन्सर हाताशी ठेवा. जुना निघाला की भोकावर बोट धरा आणि लगेच नवा बसवा, म्हणजे कूलंट फार सांडत नाही. वॉशर किंवा ओ-रिंग नवीनच घ्या. पहिले आटे हातानेच फिरवा. ॲल्युमिनियममधले आटे जोर लावला की जातात. शेवटचं आवळणं मॅन्युअलमधल्या मापानुसार.

मग बॅटरी जोडा, त्याच प्रकारचं कूलंट भरा, मॅन्युअलप्रमाणे हवा काढा आणि झाकण लावा. पंखा एकदा सुरू होऊन थांबेपर्यंत इंजिन चालू ठेवा, गळती पाहा, कोड पुसा. दुसऱ्या दिवशी गार इंजिनावर पातळी पुन्हा बघा.

सांडलेलं कूलंट मात्र लगेच पुसून घ्या. त्यातलं एथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि विषारी असतं. ते चाटल्याने कुत्री-मांजरं मरतात.