वाटसरूचा हिस्सा

मराठी माणसाला ‘जकात’ म्हटले की नाका आठवतो. बाहेरून येणाऱ्या मालावर वेशीपाशी वसूल होणारा हा कर मुंबईत तर २०१७ मध्ये जीएसटी येईपर्यंत चालू होता. रमजानमध्ये मुस्लिम घरांत जिचा हिशेब मांडला जातो, ती जकात याच अरबी शब्दाची. दिशा मात्र उलटी. वर्षभर शिल्लक राहिलेल्या संपत्तीतला अडीच टक्के भाग घरातून बाहेर जातो. कुराणातल्या सूरह तौबामध्ये तिचे आठ हकदार सांगितले आहेत. त्यांत शेवटचा ‘इब्न-उस-सबील’. शब्दशः रस्त्याचा मुलगा, म्हणजे वाटसरू. आपल्या गावी तो खाऊनपिऊन सुखी असला, तरी परमुलखात अडला की हकदार ठरतो.

शिरूर-दौंडकरांना हा माणूस शोधावा लागत नाही. रांजणगाव एमआयडीसीत पाळी सुटली की रस्त्यावर भोजपुरी कानावर येते. दौंड जंक्शनवर उत्तरेकडच्या गाडीची वाट पाहत तो गाठोड्यावर बसलेला असतो. पण हंगामात बीडकडून येणारी ऊसतोड कुटुंबे तर मराठीच बोलतात; त्यांच्याही कोप्या गावाबाहेरच पडतात. त्यामुळे ‘भाषा वेगळी म्हणून दुरावा’ हे कारण मला पटत नाही. आपल्याला त्यांचे काम हवे असते, बिऱ्हाड नको असते.

२०२० च्या रमजानमध्येच, ८ मे रोजी, जालन्याहून भुसावळकडे पायी निघालेले मध्य प्रदेशचे १६ मजूर करमाडजवळ मालगाडीखाली गेले. रुळांवर त्यांच्या भाकऱ्या विखुरल्या होत्या. त्या वर्षी आपल्याकडेही सर्वधर्मीयांनी शिधा वाटला. चांगलेच झाले. (जकातीला शास्त्राचे नियम आहेत, सदका मात्र कुणाचा धर्म विचारत नाही.) पण वाटलेला शिधा महिन्यात संपतो, आणि हकदार माणूस पुन्हा हात पसरायला उभा राहतो.

त्याचा हक्क सरकारी कागदावर आहेच. ‘एक देश, एक रेशनकार्ड’ योजनेत बिहारचे अन्नसुरक्षा कार्ड शिरूरच्या रेशन दुकानातही चालते. कार्डाचा किंवा आधारचा क्रमांक सांगायचा, यंत्रावर अंगठा लावायचा. आपल्या वाट्याचे धान्य इथे उचलले, तरी उरलेले गावाकडच्या बायकोपोरांना तिथल्या दुकानात मिळते. अनेकांना हे ठाऊकच नसते. इफ्तारच्या दस्तरखानावर शेजारी असा कुणी बसला, तर खजुराबरोबर एवढे त्याच्या कानावर घाला. दुकानदाराने टोलवले, तर त्याच्याबरोबर तहसील कचेरीच्या पुरवठा शाखेपर्यंत जा.